भाडे नको, हेवी डिपॉझिट द्या

प्रश्न : माझे पती रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीस आहेत. मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वी आम्हाला कराडहून नवी मुंबईत बिऱ्हाड हलवायचे आहे. घणसोली गावठाणातील एका इमारतीत वन बीएचके घर मिळत आहे. मालक म्हणतात, ‘महिन्याचे भाडे नको, पाच लाख हेवी डिपॉझिट द्या आणि दोन वर्षांनी सगळे परत घ्या. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो.’ या रकमेसाठी मला दागिने गहाण ठेवावे लागतील. हे घर घ्यावे का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, या अटींवर हे घर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. दागिन्यांवरील कर्जाला वर्षाला बारा टक्के व्याज धरले, तरी पाच लाखांवर साठ हजार रुपये होतात. म्हणजे जे घर बिनभाड्याचे म्हणून आपल्याला दाखवले जात आहे, त्याचे दरमहा पाच हजार रुपये आपण भरणारच आहात, आणि शिवाय मूळ रक्कम मालकाकडे कोणत्याही तारणाशिवाय अडकून पडणार आहे. मालकाने ती रक्कम अन्यत्र गुंतवली असेल, तर दोन वर्षांनी ‘नवा भाडेकरू आला की देतो’ हे उत्तर ऐकण्याची वेळ येते.

दुसरी काळजी इमारतीची आहे. नवी मुंबईच्या गावठाणांत आणि त्यांच्या लगत परवानगीविना उभ्या राहिलेल्या इमारती पुष्कळ आहेत. तेथील प्रत्येक घर तसेच असते असे नाही. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आणि मालकीचे कागद पाहायला मागावेत. मालमत्ता कराची पावती दाखवली जाईल, परंतु कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. पाडण्याची नोटीस आली, तर घर आणि डिपॉझिट या दोन्हींचा घोर आपल्याच वाट्याला येईल.

नोटरीचा आग्रह मात्र मुळीच मान्य करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चाची सबबही टिकणारी नाही : महिना चौदा हजार भाडे, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल, तर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आसपास येते, आणि शहरात नोंदणी फी एक हजार रुपये आहे. एजंटाचे पैसे वेगळे. डिपॉझिट बँकेमार्फतच द्यावे आणि ते किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे.

घर शोधताना घणसोलीवरच अडून राहू नये. ठाणे–पनवेल लोकल रबाळ्याला थांबते. त्यामुळे मानसरोवर स्थानकाजवळचे कामोठे किंवा खांदेश्वरचा परिसर प्रवासाला लांब असला, तरी गाडी न बदलता पोहोचता येते. तळोजा किंवा खारघर स्थानकापासून दूरच्या भागात घर पाहिल्यास बेलापूर–पेंधर मेट्रोने बेलापूरला येऊन पुढे लोकल पकडावी लागते. या भागांत पाण्याची चौकशी आधी करावी. मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येते आणि टँकरचे पैसे कोण भरतो, हे मालकाऐवजी वॉचमनला किंवा शेजारच्या बाईंना विचारलेले बरे.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील सोसायटीत आम्ही भाड्याने राहतो. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावलेली आकारणी) म्हणून मालकांना दरमहा दोन हजार रुपये लावले असून, मालक ते आमच्याकडून मागतात. हे योग्य आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हे शुल्क सभासदावर, म्हणजे मालकावर आकारले जाते. करारात तसे लिहिलेले नसेल, तर ते भरण्याचे बंधन आपल्यावर नाही. शिवाय 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मालकांकडून सोसायटीच्या बिलाची प्रत मागून हिशेब करून पाहा. आकारणी जास्त असल्यास त्यांनी सचिवांना लेखी पत्र द्यावे, आणि दाद मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी.