हायडीला फ्रँकफर्टमध्ये सोडून देऊ नका

मुलं आणि पडदा : वाचकांचे प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. आमची नात सात वर्षांची आहे. शाळेसाठी जूनपासून आमच्याकडे परळला राहते. मुलगा-सून गुहागरजवळ गावी असतात. बागायत आहे, गोठा आहे, त्यामुळे त्यांना इकडे येऊन राहता येत नाही. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. शेजारच्या मुलीने नातीला 'हायडी' ही जुनी जपानी कार्टून मालिका लावून दिली. खाली इंग्रजी ओळी येतात. आमचे हे त्या वाचून तिला मराठीत सांगतात. डोंगरावरचे भाग तिने फार आनंदाने पाहिले. मग ती हायडी शहरात गेली आणि आमच्याकडे रडारड सुरू झाली. हायडी चर्चच्या मनोऱ्यावर चढते आणि तिथूनही तिला डोंगर दिसत नाहीत, तो भाग पाहून नात रात्री उशीत तोंड खुपसून रडली. मुलाने फोनवर सांगितलं, ते कार्टून आधी बंद करा. आम्ही केलं. गावाचं नाव निघालं की ती हळवी होते, म्हणून तो विषयही घरात काढत नाही. पण आता ती रोज विचारते, "हायडी घरी गेली का?" काय करावं? आणि याचं पुस्तकही आहे म्हणतात, ते द्यावं का?
— एक आजी, परळ

आजी, आज संध्याकाळीच तिला सांगा : हायडी घरी जाते. शेवट कळला तर गंमत जाईल याची काळजी करू नका. सात वर्षांच्या मुलीला आत्ता त्या गमतीपेक्षा या उत्तराची गरज जास्त आहे. तुम्ही मालिका मनोऱ्यापाशी थांबवलीत. तिच्या मनात हायडी अजून तिथेच उभी आहे, खाली नुसती छपरं आणि धुराडी बघत. म्हणून ती रोज विचारते.

माझं स्पष्ट मत आहे की मालिका पुन्हा सुरू करावी आणि पुढे पाहावी. हायडी ही आल्प्सच्या डोंगरावर आजोबांकडे राहणारी अनाथ मुलगी. ती तिथून फ्रँकफर्ट शहरात जायला निघते ती अठराव्या भागात, आणि डोंगरावर परतायला निघते ती चौतिसाव्या भागात. मधले जवळपास पंधरा भाग फ्रँकफर्टचे. मालिका जपानमध्ये १९७४ साली फुजी टीव्हीवर जानेवारी ते डिसेंबर दर रविवारी संध्याकाळी लागायची, एकूण ५२ भाग. म्हणजे तिथल्या मुलांनी हायडीला मे महिन्यात शहरात जाताना पाहिलं आणि ऑगस्टअखेरपर्यंत ती परत जाण्याची वाट पाहिली. तुमच्या नातीला इतकं थांबायला लावू नका. रोज एक भाग, जेवणाच्या आधी, तुमच्या दोघांपैकी कुणाच्या तरी शेजारी बसून. झोपताना नको. आणि तेहतिसावा भाग, ज्यात घरात भूत फिरतंय म्हणून सगळे घाबरतात, तो ज्या दिवशी पाहाल त्याच दिवशी चौतिसावाही पाहा. त्या दोन भागांच्या मध्ये रात्र येऊ देऊ नका.

भुताचा तो प्रसंग तुमच्यासाठीही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ही मूळ कथा योहाना श्पीरी या स्विस लेखिकेची, १८८० सालची. फ्रँकफर्टच्या श्रीमंत घरात हायडीला आणलेलं असतं ते क्लाराला सोबत म्हणून. क्लाराला चालता येत नाही, ती चाकाच्या खुर्चीत असते. घर चांगलं, जेवण चांगलं, क्लारा तर फारच चांगली. घर सांभाळणाऱ्या रोटेनमायरबाई मात्र कडक. हायडीला वाटतं, आपल्याला घरी जायचंय असं म्हटलं तर आपण कृतघ्न ठरू. म्हणून ती बोलतच नाही. मग ती सुकत जाते, जेवण जात नाही, आणि रोज सकाळी वाड्याचं मुख्य दार सताड उघडं सापडायला लागतं. क्लाराचे वडील आणि त्यांचे डॉक्टर मित्र रात्री पहारा देतात, तर दारात पांढऱ्या झग्यात हायडीच, झोपेत चालत आलेली. डॉक्टर तिला वर नेतात आणि शांतपणे विचारतात. ती सांगते की रोज स्वप्नात आजोबांच्या झोपडीत असते, बाहेर झाडांची सळसळ ऐकू येते, तारे पाहायला ती धावत जाऊन दार उघडते, आणि जागी होते तेव्हा फ्रँकफर्टमध्येच असते. काही दुखतं का? नाही, पण छातीवर मोठा दगड ठेवल्यासारखं वाटतं. मग तू मोकळेपणी रडतेस का? नाही, रोटेनमायरबाईंनी मनाई केली आहे.

आजी, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : "तो विषयही घरात काढत नाही." तुम्ही हे मायेपोटी केलंत, मला त्यात तिळमात्र शंका नाही. रोटेनमायरबाईंचा कडकपणा तुमच्यात नाही. पण मुलीच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही घरांत एकच नियम आहे : घराची आठवण बोलायची नाही. तिला हायडीने रडवलं नाही. जूनपासून साठलेलं रडू तिला हायडीच्या निमित्ताने रडता आलं. ते चांगलं झालं. आता ते तुमच्या मांडीवर होऊ दे, उशीत नको.

म्हणून विषय काढा. गोठ्यात आता काय चाललं असेल, पावसात अंगणात कुठपर्यंत पाणी येतं, आंब्याच्या कुठल्या झाडावर ती चढते, हे तिला सांगायला लावा. आजोबांना म्हणावं, हायडीच्या ओळी वाचून झाल्या की तिला विचारा, "आणि तुमच्याकडे?" सुनेला सांगा, व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दाखवून झाला की फोन फिरवून गोठा दाखव, चूल दाखव, मागचं दार दाखव. एका रविवारी तिला दादर चौपाटीवर न्या आणि डावीकडे बोट करून सांगा, हाच किनारा खाली जात जात गुहागरला पोचतो, पाणी तेच. चौदाव्या मजल्यावरून जे दिसत नाही ते असतं, एवढं तिला कळलं पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणपर्यंतची तिकिटं आत्ताच काढा आणि ती तारीख कॅलेंडरवर तिच्या हाताने लिहून घ्या. गोष्टीतल्या डॉक्टरांनीही औषध दिलं नव्हतं. मुलीला उद्याच्या उद्या घरी पाठवा, असं सांगितलं होतं.

जेवण खरंच तुटलं असेल, वजन उतरत असेल, झोपेत उठत असेल किंवा अंथरूण ओलं होऊ लागलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, माझ्या सदरावर विसंबू नका. आणि मुलाला हे उत्तर वाचून दाखवा. बाप लांब असला की लेकीचं रडणं त्याला सहन होत नाही आणि हातात फक्त "बंद करा" म्हणणं उरतं. त्यालाही म्हणावं, तिला फोनवर विचार, हायडी कुठपर्यंत आली?

पुस्तकाचं विचारलंत. थोडं थांबा, दोनेक वर्षांनी द्या. मूळ कादंबरीत देव, प्रार्थना, पश्चात्ताप यांना मोठी जागा आहे. मालिकेत ते पुष्कळ कमी केलं आहे आणि ती जागा शेळ्या, गवत, हिवाळा, शेजारपाजार यांना दिली आहे. योझेफ हा कुत्रा कादंबरीत नाहीच, तो मालिकावाल्यांचा. शेवटाकडे आणखी एक बदल आहे. पुस्तकात हायडीचा मित्र, शेळ्या राखणारा पीटर, मत्सराने क्लाराची खुर्ची उतारावरून ढकलून देतो. मालिकेत क्लाराच धीर सुटून परत खुर्चीकडे जाते आणि ती खुर्ची तिच्या हातून निसटते. मला मालिकेतलं जास्त पटतं, कारण भीती आणि ती ओलांडणं दोन्ही क्लाराचं स्वतःचं राहतं. मात्र क्लारा चालू लागते तेव्हा नातीला एवढं सांगा, की सगळ्यांचे पाय डोंगराच्या हवेने बरे होत नाहीत आणि ज्यांचे होत नाहीत त्यांनाही मैत्रिणी हव्याच असतात. तुमच्या इमारतीत किंवा तिच्या वर्गात तसं कुणी मूल असेल तर हे बोलणं अजूनच गरजेचं.

ताई, आम्ही लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहायचो. माझी मुलगी म्हणते तो जपानी होता. गाणं तर आपलं होतं, शेरखानचा आवाजही आपला. खरं काय?
— एक वाचक, बोरिवली

मुलीचं बरोबर आहे. ती मालिका निप्पॉन अॅनिमेशन या जपानी संस्थेची, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. जपानमध्ये १९८९-९० मध्ये ५२ भाग दाखवले गेले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ती हिंदीत आली तेव्हा गुलजारांनी गाणं लिहिलं, विशाल भारद्वाज यांनी चाल दिली आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. ही संस्था १९७५ साली उभी राहिली ती 'हायडी' करणाऱ्या मंडळींतूनच, म्हणजे वरच्या पत्रातली हायडी आणि तुमचा मोगली एकाच घरातले. मुलीला एकदा सीएसएमटीजवळच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात घेऊन जा. मोगलीच्या गोष्टी लिहिणारे रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये तिथेच जन्मले, वडील तिथे शिकवायचे. जंगल मात्र सिवनीचं, मध्य प्रदेशातलं.

मॅडम, मी अॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर सारखे 'हायडी' पाहा म्हणतात. मी तीन भाग पाहिले. काहीच घडत नाही. चेहरे साधे, हालचाल कमी, पाच मिनिटं नुसतं चीज वितळतंय. यातून नेमकं काय शिकायचं?
— एक विद्यार्थी, अंधेरी

मी अनेक वर्षं पार्श्वचित्रं रंगवली आहेत, सेल (पारदर्शक पत्रकांवर काढलेली चित्रं) आणि पोस्टर कलरच्या काळात, तुझ्याच अंधेरीत. त्यामुळे तुझा प्रश्न मला जवळचा आहे.

दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. त्यांच्याबरोबर पात्ररचना करणारे योइची कोताबे आणि लेआउट करणारे हायाओ मियाझाकी. मालिका सुरू होण्याआधी १९७३ मध्ये ही मंडळी प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला गेली. टीव्हीच्या कार्टूनसाठी परदेशी जाऊन जागा पाहून येणं तेव्हा सहसा कुणी करत नव्हतं. कोताबेंच्या सुरुवातीच्या चित्रांत हायडीला वेण्या होत्या. डोंगरावर एकटा राहणारा म्हातारा रोज नातीच्या वेण्या कुठून घालणार? केस आखूड झाले. अख्खं चित्र असं आयुष्यातून ठरत गेलं आहे.

लेआउट म्हणजे काय ते तुला माहीत आहेच : शॉटमध्ये कोण कुठे उभं, दार कुठे, क्षितिज किती उंचीवर. मियाझाकींनी ५२ च्या ५२ भागांचे लेआउट केले, तेही दर आठवड्याला भाग प्रसारित होत असताना. त्याचा परिणाम नीट बघ. झोपडीत शेकोटी, टेबल, माळ्यावर जायची शिडी, गोल खिडकी यांच्या जागा आपल्याला पाठ होतात. डोळे मिटून तू त्या घरात फिरू शकशील. आम्ही काम करायचो तेव्हा एका भागाचे लेआउट चार हातांतून यायचे आणि दोन शॉटमध्ये टेबलाची उंची बदललेली असायची. ते झाकायला मी रंगाने किती धडपड करायचे, आठवलं तरी हात दुखतात.

आता चीज. आजोबा ते काट्याला लावून विस्तवापुढे धरतात, फिरवतात, ते फुगतं, कडा सुटतात, मग पावावर येतं. हालचाल मोजकीच आहे, पण ती योग्य जागी खर्च केली आहे. या म्हाताऱ्याने अजून नातीशी एक गोड शब्द बोललेला नाही. तो तिला आवडीने ठेवून घेतोय हे आपल्याला त्या पावावरून कळतं. तिच्यासाठी उंच स्टूल ठोकून देतो त्यावरून कळतं. तू म्हणतोस काहीच घडत नाही, पण तिसऱ्या भागापर्यंत एका अनाथ मुलीला घर मिळालेलं आहे.

पार्श्वचित्रांत एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. डोंगरावर चित्रचौकटीत आकाशाला भरपूर जागा आहे. फ्रँकफर्टमध्ये छत, जिने, पडदे, लांब व्हरांडे, आणि खिडकी उघडली तर समोर भिंत. कुणीही मोठ्याने न सांगता मुलांना श्वास कोंडल्यासारखा होतो. परळच्या आजींची नात सात वर्षांची आहे, तिला लेआउट हा शब्दही ठाऊक नाही, तरी ती बरोबर त्या जागी रडली.

तर असं कर. पहिला भाग आवाज बंद करून पुन्हा पाहा. मावशीने सामान उचलावं लागू नये म्हणून सगळे कपडे एकावर एक हायडीच्या अंगावर चढवलेले आहेत. चढावर ती एकेक करून काढत जाते. प्रत्येक कपडा उतरल्यावर तिची चाल कशी बदलते, खांदे कुठे येतात, पावलांमधलं अंतर किती वाढतं, याची पेन्सिलने छोटी रेखाटनं काढ. नंतर एखाद्या संध्याकाळी अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभा राहा आणि दप्तर पाठीवर असलेलं आणि नसलेलं मूल कसं चालतं ते काढ. दोन्ही कागद तुझ्या सरांना दाखव.