ऑडिओमेट्री नॉर्मल, तरी सारखं ‘काय?’: एपीडीची शंका कधी घ्यावी

ताई, तुम्ही सांगितलंत: मुलगा आठ वर्षांचा, ऑडिओमेट्री नॉर्मल, तरी दर दोन वाक्यांनी ‘काय?’ आणि शाळेची तक्रार ‘लक्ष नसतं’. ऑडिओमेट्रीत शांत खोलीत एकेक सूर किती बारीक ऐकू येतो एवढंच मोजतात. गोंगाटातलं बोलणं मेंदू उलगडतो का, हे त्यात कळत नाही. श्रवण प्रक्रिया विकारात, म्हणजे एपीडीत, घोळ तिथेच असतो.

आठवडाभर घरीच बघा. ‘निळी वही कपाटात ठेव, पट्टी घे आणि दार लाव’ अशी तीन कामांची सूचना एकदा शांततेत द्या, एकदा टीव्ही चालू असताना. दर वेळी सूचना नवी, पण लांबी तेवढीच. त्याच्या पाठीमागे उभं राहून बोला, कारण ही मुलं ओठ आणि चेहरा वाचण्यात पटाईत होतात. टीव्ही चालू असला की आपला आवाज नकळत चढतो, नजर कपाटाकडे जाते, आणि सगळी परीक्षा वाया जाते. काय ऐकलं ते त्याच्याकडून वदवून घ्या आणि जसंच्या तसं लिहा. ‘दार’चं ‘तार’, ‘गार’चं ‘कार’ होतंय का? व्यंजनं स्वरांपेक्षा क्षीण असतात, गोंगाटात आधी तीच बुडतात.

शांततेत जमतं, गोंगाटात कोलमडतं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की लगेच होतं, तर एपीडीची शंका रास्त आहे. चित्र काढतानाही त्याचं लक्ष टिकत नसेल तर आधी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, बघा. वाचूनही वाक्याचा अर्थ लागत नसेल तर भाषेची तपासणी. तिन्ही एकत्रही असतात, आणि एपीडी हा वेगळा विकार मानावा का, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गेल्यावर आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी. पडद्यामागे पाणी साठलं असेल तर ऐकणं सर्दीबरोबर कमीजास्त होतं, आणि रिपोर्ट नेमका बऱ्या दिवसाचा असू शकतो. मग ओएई (आतल्या कानातल्या पेशी काम करतात का) आणि एबीआर (आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे नीट जातो का): ओएई चांगलं पण एबीआर बिघडलेलं, तर तो ऑडिटरी न्यूरोपथीचा, म्हणजे कानाकडून मेंदूकडे संदेश नीट न जाण्याचा, मामला, त्याचा रस्ताच वेगळा.

हे सगळं ठीक असेल तरच एपीडीच्या चाचण्या: दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे, आवाजातला सूक्ष्म खंड ओळखणं, उंच-खालच्या सुरांचा क्रम, गोंगाटातले शब्द. सातच्या आत सहसा करत नाहीत, कारण त्या वयात मुलामुलांत फारच फरक असतो. सर्वाधिक वापरला जाणारा निकष: किमान दोन चाचण्यांत वयाच्या सरासरीपेक्षा 2 प्रमाण विचलनं खाली, म्हणजे त्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा खूपच कमी. शब्दांच्या चाचण्या मुलाच्या भाषेत आहेत ना, हे आधीच विचारा. परक्या भाषेत कमी गुण आले तर भाषा कच्ची एवढंच सिद्ध होतं. वेळ सकाळची घ्या, दमलेलं मूल सगळीकडेच नापास होतं.

तोवर वर्गात शिक्षकांजवळची, पंखा आणि दारापासून लांबची जागा मागून घ्या. नुसता पहिला बाक पुरत नाही. ‘काय?’ आलं की ओरडून तेच सांगू नका, शब्द बदलून सावकाश सांगा. पुढे रिमोट मायक्रोफोन (शिक्षकांनी लावायचा माइक, त्यांचा आवाज थेट मुलाच्या कानात पोचवणारा) सुचवला, तर शिक्षकांना एक गोष्ट पक्की सांगा: दुसऱ्या मुलाशी बोलताना तो म्यूट करायचा, नाहीतर तेही सगळं याच्याच कानात जातं.