आईला मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) झाला होता. तिचा जनुकदोष माझ्यात असेल तर मलाही होणारच का?

होणारच असं नाही. बहुतेक मेलानोमा वारशाने येतच नाहीत. पण आईच्या रिपोर्टवर सीडीकेएन२ए हे नाव असेल तर हलक्यात घेऊ नका.

हे जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक. त्यापासून बनणारं पी१६ हे प्रथिन पेशीला वाटेल तसं विभाजित होऊ देत नाही. जनुकाच्या प्रती दोन. आईची बिघडलेली प्रत तुमच्यात येण्याची शक्यता ५० टक्के. आली तरी वडिलांकडची प्रत काम निभावून नेते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली की तिथला ब्रेक गेला.

आता गंमत बघा. २००२ मध्ये हा जनुकदोष असलेल्या कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोष असलेल्यांना ८० व्या वर्षापर्यंत मेलानोमा होण्याचा अंदाज युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६, ऑस्ट्रेलियात थेट ९१! जनुक तेच, ऊन वेगळं. (हे आकडे गोऱ्या कातडीच्या, घरात बरेच रुग्ण असलेल्या कुटुंबांचे आहेत, ते जसेच्या तसे स्वतःला लावू नका.)

आपल्याकडे मेलानोमा विरळ, पण झालाच तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. त्यामुळे नुसते चेहऱ्यावरचे तीळ बघत बसू नका. अंगठ्याच्या नखात नवी काळी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

याच जनुकाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, तेव्हा सिगारेट असेल तर ती आधी सोडा. आणि आईचा दोष नेमका कोणता ते माहीत असेल, तर तेवढीच चाचणी करून घ्या, महागडं पॅकेज नको.