इतिवृत्त तू लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समान वेतनाच्या मसुद्यावर तू तीन महिने खपलीस आणि शेवटच्या बैठकीत 'दिले जाईल' याचं 'देण्याचा प्रयत्न केला जाईल' झालं. वर तुलाच ऐकवलं, शब्दांत काय अडकतेस, आमची नियत साफ आहे. आणि आता तू विचारतेस, कागदानं मनं थोडीच बदलतात, मग मसुदे सोडून जनजागृतीकडे वळू का?

नको वळूस. लिहून घे.

मनं बदलायची वाट बघणं म्हणजे काय असतं सांगते. १९५९ साली स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी मतदान करून बायकांना मताचा हक्क नाकारला. तो मिळाला १९७१ मध्ये. या मधल्या बारा वर्षांत तिथेही साफ नियतीची माणसं होतीच की.

आणि शब्दांत अडकू नकोस म्हणणाऱ्यांना हंसा मेहतांची, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधीची, आठवण करून दे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'ऑल मेन' असं होतं. त्यात बायका आल्याच, असं समजावणारे तेव्हाही होते. बाई हटल्या नाहीत. १९४८ मध्ये मंजूर झालेल्या मजकुरात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आहे. एक शब्द बदलला! तू मागतेस तेही एवढंच आहे.

मी एवढी का पेटून लिहितेय, तेही सांगते. बावीस वर्षांपूर्वीची बैठक. आमची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती. 'तिची जागा तिचीच राहील,' असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. इतिवृत्त मी लिहीत होते. निळ्या शाईत मी लिहिलं, 'रजेच्या विषयावर सकारात्मक चर्चा झाली.' वरिष्ठांचा शब्द जसाच्या तसा टिपला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. ती रुजू व्हायच्या आतच साहेब बदलले. नव्या साहेबांनी वही मागवली, ते पान उघडलं आणि विचारलं, यात आश्वासन कुठे आहे? ती समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही आणि खालच्या पदाच्या कागदावर सही केली. साहेबांची नियत साफच होती गं. माझं वाक्य खोटं होतं.

त्यानंतर मी एकही तोंडी शब्द सोडला नाही. माझ्यामुळे बैठका लांबतात, मी शब्दांचा कीस पाडते, मी माणसांवर विश्वास ठेवत नाही, असं बोललं गेलं. दोन मैत्रिणी दुरावल्या. सुरात माझं चुकलं असेल, पण मागण्यात चुकलं नाही. ती सही मी पाहिली होती, त्यांनी नव्हती.

पण लिहून घे म्हणजे नुसतं देखणं वाक्य नको. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव संपवण्याचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९७९ साली मंजूर झाला. जगातल्या बहुतेक देशांनी तो स्वीकारला. त्यातल्या कित्येकांनी मात्र सोबत लिहून दिलं की, अमुक कलम आम्हाला बंधनकारक नाही. विवाह आणि कुटुंबातल्या समानतेचं कलम त्यात वारंवार दिसतं. घराचा उंबरा आला की हात आखडतो. म्हणून वगळलेलं आधी वाच.

आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला सुमारे नव्वद टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं काम थांबवलं. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा आला. तरी पगारातली तफावत उरलीच. मग २०१८ पासून पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकांवरच, आपण समान वेतन देतो हे दाखवून प्रमाणपत्र घेण्याची सक्ती आली. फरक कळला का? आधी अन्याय झाला हे बाईनं सिद्ध करायचं होतं. तुझ्या मसुद्यात हे कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं, सिद्ध कोणी करायचं? तीन वेळा वाचला मी. कुठेच नाही. हे तुझं चुकलंय, त्यांचं नाही.

गुरुवारच्या बैठकीआधी नवा मसुदा पाठव. 'प्रयत्न', 'शक्यतो', 'यथावकाश' हे शब्द लाल शाईनं खुणावून पाठव. आणि इतिवृत्ताची वही कोणी पुढे करायच्या आत स्वतःकडे ओढ. ते काम नेहमी बाईच्याच गळ्यात मारतात म्हणून तू नाकारतेस, ठाऊक आहे मला. एरवी नाकार. या गुरुवारी नाही.

तुझी,
ताई