कागद न उघडता दिलेले उत्तर

तुम्ही विचारले आहे की आजूबाजूची बहुतेक माणसे तुम्हाला मूर्ख वाटतात, पण त्यांनाही तुम्ही तसेच वाटत असाल तर खरा मूर्ख कोण हे ठरवायचे कसे, आणि तो तुम्हीच असाल तर तुम्हाला ते कळणार कसे. प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. माझ्या मते पहिल्याचे उत्तरही त्यातूनच निघते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. एखादी गोष्ट ठाऊक नसणे हे अज्ञान आहे, आणि दुसऱ्यावर पटकन विश्वास ठेवून फसणे हा भोळेपणा आहे. यांपैकी कशालाही मी मूर्खपणा म्हणणार नाही. ज्याला विषय हळूहळू समजतो, पण जो समजेपर्यंत विचारत राहतो, तो माणूस तर मुळीच मूर्ख नाही. आपले मत खोटे ठरवू शकेल अशी गोष्ट समोर आली असतानाही तिच्याकडे पाहायचे नाकारणे, याला मी मूर्खपणा म्हणतो. त्यासाठी बुद्धी कमी असावी लागत नाही. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे, कारण ‘दीडशहाणा’ या शब्दात शहाणपण कमी पडलेले नसून ते अर्ध्याने जास्त झालेले आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खासाठी राखून ठेवला. विद्येने मूर्खपणा आपोआप जात असता तर त्या दहाव्या समासाची गरजच पडली नसती.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी अनेक वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले आहे. एकदा माझ्याहून बरीच कनिष्ठ असलेल्या एका सहकारी मुलीने मला सांगितले की, मी पूर्ण केलेल्या तक्त्यात एक रक्कम दोनदा धरली गेली आहे. तसे होणे का शक्य नाही, हे मी तिला जवळजवळ पंधरा मिनिटे समजावत राहिलो. पद्धत समजावली, अशा चुका कुठे होतात आणि कुठे होत नाहीत हेही समजावले. तक्ता माझ्या हाताशी होता आणि या सगळ्या वेळात मी तो उघडला नाही. चूक माझीच होती, पण ती चूक मला आज तितकीशी लाजिरवाणी वाटत नाही, कारण रक्कम दोनदा धरली जाणे कोणाच्याही हातून घडते. मूर्खपणा त्या पंधरा मिनिटांत होता. आणि त्या पंधरा मिनिटांत मला आतून मूर्ख असल्यासारखे अजिबात वाटत नव्हते. उलट आपण फार संयमाने शिकवत आहोत, असे वाटत होते.

म्हणूनच स्वतःचा मूर्खपणा भावनेवरून ओळखता येत नाही. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर्क, व्याकरण आणि विनोदाची पारख यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यांत सर्वांत कमी गुण मिळालेल्या पाव हिश्श्यातली माणसे सरासरीने शंभरांतल्या सुमारे १२ जणांच्याच पुढे होती, पण त्यांच्या स्वतःच्या अंदाजाने ती सुमारे ६२ जणांच्या पुढे होती. या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय लावावा, यावर पुढे संख्याशास्त्रीय आक्षेपही घेतले गेले आहेत. मला मात्र त्याच अभ्यासातला, क्वचितच सांगितला जाणारा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्यांना तर्काचे थोडे प्रशिक्षण दिले गेले, त्यांना स्वतःच्या आधीच्या चुका अधिक नीट दिसू लागल्या. म्हणजे ही अवस्था कायमची नसते. हा अभ्यास दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण तो वाचून प्रत्येकाने आधी स्वतःकडे वळावे असे त्यात बरेच काही आहे.

हुशारी इथे संरक्षण देत नाही, हे आर्थर कॉनन डॉयल यांच्या उदाहरणावरून दिसते. ते डॉक्टर होते आणि शेरलॉक होम्ससारखा काटेकोर निरीक्षक त्यांनी निर्माण केला होता. तरीही इंग्लंडमधल्या दोन मुलींनी १९१७ साली काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली आणि त्यांच्या बाजूने लिहिले. त्या पऱ्या कागदातून कापलेल्या आकृत्या होत्या, याची कबुली त्या दोघींनी १९८३ साली वृद्धापकाळी दिली. पऱ्या असाव्यात अशी डॉयल यांची इच्छा होती, आणि बुद्धी त्या इच्छेची वकिली करत राहिली.

स्वतःच्या बाबतीत मी आता एकाच खुणेवर लक्ष ठेवतो. कोणी शंका काढली की मला आधी पाहावेसे वाटते की आधी बोलावेसे वाटते? पाहण्याआधीच स्पष्टीकरण तयार असेल, आणि विचारणाऱ्याचा थोडा रागही आला असेल, तर मी त्या पंधरा मिनिटांत पुन्हा शिरलो आहे असे समजतो.

इतरांच्या बाबतीत मी निर्णय देण्याची घाई करत नाही. एखाद्याचे वागणे मूर्खपणाचे वाटते तेव्हा पुष्कळदा त्याच्या अडचणी आपल्याला दिसत नसतात, किंवा त्याला जे हवे आहे ते आपल्याला हवे त्यापेक्षा वेगळे असते. हे दोन्ही तपासूनही, समोर ठेवलेल्या गोष्टीकडे तो वारंवार पाहायचे नाकारत असेल, आणि त्यात त्याचे स्वतःचेही नुकसान होत असेल, तर तिथे मूर्खपणा आहे असे म्हणायला माझी हरकत नाही. मात्र हे त्या गोष्टीपुरतेच म्हणावे. तोच माणूस दुसऱ्या विषयात आपल्याला शिकवू शकेल इतका जाणता असू शकतो.

अशा माणसाशी वाद घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून आपण बहुधा निघून जातो. पण त्या दिवशी तो पालथा घडा मी होतो, आणि ती मुलगी निघून गेली नाही. तिने वादही घातला नाही. माझे बोलणे संपल्यावर तिने तक्ता माझ्यासमोर उघडून ठेवला, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘सर, एवढी एकच बेरीज तुम्ही करून पाहता का?’’