पावडर संपत आली म्हणून दूध तोडू नका

प्रश्न : ताई, मेंढीला तीन कोकरं झाली. तिला दोघांपुरतंच दूध आहे, म्हणून तिसरं बाटलीवर वाढवतोय. चीक मिळाला होता. आता ते अठरा दिवसांचं, सहा किलोचं आहे. सकाळ-संध्याकाळ पोटभर पाजतो. परवा पाजल्यावर त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तासाभरानं उतरलं. कोकरांची दुधाची पावडर संपत आलीय. पाणी वाढवत वाढवत महिन्याचं झालं की दूध तोडावं म्हणतो. घरात वासरांची पावडर आहे, ती चालेल का?

उत्तर : आधी पोटाचं बघू, कारण परवा तुम्ही थोडक्यात वाचलात. बारा तास उपाशी राहिलेलं कोकरू अधाशासारखं ढोसतं. ते दूध चौथ्या पोटात (मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यांतल्या शेवटच्यात) साचून आंबतं, वायू धरतो आणि कोकरू काही तासांत मरूही शकतं. आजपासून चार वेळा पाजा, एका वेळी पाव लिटरच्या आसपास. निपलचं भोक मोठं करू नका (घाईत सगळेच करतात). पुन्हा फुगलं तर तासभर वाट बघत न बसता डॉक्टरांना बोलवा.

वासरांची पावडर नको. मेंढीच्या दुधात सुमारे ७ टक्के फॅट असतं, गाईच्या दुधात ४ च्या आसपास. वासरांची पावडर त्याच मापानं बनते. शिवाय तिच्यात तांबं घातलेलं असू शकतं. जास्तीचं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि विषबाधा होते.

पाणी वाढवायचा प्रयोग मी सुरुवातीच्या वर्षांत केलाय. कोकरू दिवसभर बाटलीची वाट बघत उभं, पोट पाण्यानं टम्म, पाठीचा कणा हाताला लागतोय आणि खुराकाला तोंडही लावलेलं नाही! आता मी शेवटच्या दिवसापर्यंत दूध पुऱ्या ताकदीचंच देते आणि एके दिवशी एकदम बंद करते.

तो दिवस कोणता, हे खुराकाचं भांडं सांगतं. दूध कोठीपोटात, म्हणजे पहिल्या कप्प्यात, न थांबता पन्हळीतून थेट चौथ्या पोटात उतरतं, त्यामुळे नुसत्या दुधावर कोठीपोट पोरच राहतं. दाण्याचा भरडा तिथे आंबला की जी आम्लं तयार होतात, त्यांनी आतलं अस्तर टॉवेलसारखं दाट होतं. नुसत्या वैरणीनं पोट ताणतं, पण अस्तर तितकं वाढत नाही. म्हणून १८-२० टक्के प्रथिनांचा खुराक आजच थोडा थोडा ठेवा, रोज ताजा. बाजूला स्वच्छ पाणी हवंच. ‘दूध पितंय, पाणी कशाला?’ असं बरेच जण विचारतात. पण कोठीपोटातल्या जंतूंना लागतं ते पाणी दुधातून पोहोचत नाही.

पस्तीस दिवस पूर्ण, वजन जन्माच्या किमान अडीचपट आणि सलग तीन दिवस रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक पोटात, हे तिन्ही जमलं की दूध तोडा. जन्माला चार किलोचं असेल तर दहा किलो हवं. खुराक सकाळी मोजून घाला, दुसऱ्या दिवशी उरलेला मोजा. अंदाजावर जाऊ नका, सांडलेलंही आपण खाल्लेल्यात धरतो. तीनातलं एक अडलं तर पावडरची आणखी एक पिशवी आणा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस कधी द्यायची, तेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

दूध तोडल्यावर जागा आणि खुराक आठ-दहा दिवस तोच राहू द्या. दोन दिवस तुमचा आवाज ऐकला की ते ओरडेल. तेवढे दिवस खुराक घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगा.