अपोलुत्रोसिस : ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ म्हणजे काय?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील, पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ हे शब्द वाचताना अडखळायला होते, कारण ‘खंडणी’ आज गुन्ह्यांच्या बातम्यांतच भेटते. मूळ ग्रीकमध्ये खरोखर असे काही आहे का?

उत्तर : मुळात तेथे ‘अपोलुत्रोसिस’ हा एकच शब्द आहे. ‘लुओ’ म्हणजे सोडणे, गाठ मोकळी करणे. त्यावरून ‘लुत्रोन’, म्हणजे ज्याच्या योगे सुटका होते ते मोल, विशेषतः युद्धकैद्याच्या किंवा दासाच्या सुटकेसाठी मोजलेली रक्कम. आणि त्यावरून, ‘पासून’ या अर्थाचा ‘अपो’ हा उपसर्ग लागून, अपोलुत्रोसिस. चाचे शहरे ताब्यात घेत आणि पैसे घेऊन ती सोडत, त्या व्यवहारासाठी ग्रीक लेखक प्लुटार्कने रोमन सेनापती पाँपेच्या चरित्रात हाच शब्द वापरला आहे. ‘अरिस्तेयसाचे पत्र’ या प्राचीन यहुदी ग्रंथात टॉलेमी राजा इजिप्तमधील यहुदी दासांना माणशी २० द्राख्मा मालकांना देऊन मोकळे करतो, तेथेही हाच शब्द येतो. नुसते ‘मुक्ती’ म्हटले तर हे मोल हरवते, म्हणून मराठी भाषांतरकारांनी एका शब्दासाठी चार शब्द खर्च केले. त्यात ‘खंडणी’ हा शब्द मराठेशाहीच्या कागदपत्रांत ठरवून भरायच्या रकमेसाठी सर्रास येतो, आणि त्याला आजचा वास पुढे लागला. मला स्वतःला ‘मोल देऊन केलेली सोडवणूक’ अधिक बरे वाटते. परंतु कानाला खटकते म्हणून मोलाचा उल्लेखच गाळावा, हे मला मान्य नाही. त्याच वचनात ‘त्याच्या’, म्हणजे ख्रिस्ताच्या, ‘रक्ताच्या द्वारे’ असे म्हणून पौलाने मोल कोणते तेही सांगितले आहे.

प्रश्न : पौलाने ही कल्पना दासांच्या बाजारातून घेतली, असे एका प्रवचनात ऐकले. हे कितपत खरे?

उत्तर : अंशतः खरे आहे. ग्रीसमधील करिंथच्या आखातापलीकडे असलेल्या डेल्फी येथे अपोलो देवाच्या मंदिराजवळच्या भिंतींवर दासमुक्तीचे १००० हून अधिक लेख कोरलेले आहेत. मालक दासाला ‘स्वातंत्र्यासाठी’ म्हणून देवाला विके, किंमत देवाच्या नावे दिली जाई, आणि प्रत्यक्षात ते पैसे बहुधा दासानेच जमवलेले असत. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ मध्ये या लेखांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून हा दाखला प्रवचनांत रुळला. ‘तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात’ हे करिंथकरांस लिहिलेले वाक्य तेथील श्रोत्यांना या पार्श्वभूमीवर चटकन उमगले असेल. मात्र त्या वाक्यातले क्रियापद बाजारातल्या खरेदीचे आहे, अपोलुत्रोसिसशी त्याचे नाते नाही. आणि डेल्फीच्या लेखांचा ठरावीक शब्दही ‘विकले’ असाच आहे.

अपोलुत्रोसिसचे मूळ मी दुसरीकडे शोधेन. इब्री शास्त्राच्या, म्हणजे जुन्या कराराच्या, सप्तति या ग्रीक भाषांतरात याच कुळातले क्रियापद ‘गाअल’ आणि ‘पादा’ या दोन इब्री क्रियापदांसाठी वारंवार योजले आहे. ‘पादा’ म्हणजे बदला देऊन सोडवणे, जसे प्रथमजन्मलेल्याला सोडवतात. ‘गाअल’ हे नात्याचे क्रियापद आहे. जुन्या करारातील लेवीय २५ प्रमाणे भाऊबंद दरिद्री होऊन वतन विकून बसला, किंवा स्वतःलाच विकून बसला, तर त्याला सोडवणे हे जवळच्या आप्ताचे काम. रूथच्या पुस्तकात बवाज हा आप्त नामी या विधवेचे शेत सोडवतो तो याच रीतीने. आणि निर्गम ६:६ मध्ये देव इस्राएलाला म्हणतो की, मी बाहू उभारून तुम्हांला सोडवीन. तेथे हेच क्रियापद आहे. बाजारातला गिऱ्हाईक दासाला ओळखत नसतो, आप्त मात्र त्याला आपला म्हणून सोडवायला येतो, आणि हा फरक मला निर्णायक वाटतो.

प्रश्न : मग हे मोल दिले कोणाला? सैतानाला?

उत्तर : तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तसे सुचवले, आणि पुढे निस्साच्या ग्रेगरी या बिशपने ते पुढे नेऊन सैतानाला गळाला लागलेल्या माशाची उपमा दिली. त्याच्याच काळातल्या नाझियान्झच्या ग्रेगरीने मात्र सैतानासारख्या लुटारूला असे मोल मिळावे ही कल्पनाच संतापाने फेटाळली, आणि पित्याने, म्हणजे देवाने, ते मागितले असेही मानले नाही. नव्या करारात मोलाचा उल्लेख आहे, घेणाऱ्याचा कोठेही नाही. निर्गमाच्या, म्हणजे इस्राएल इजिप्तमधून बाहेर पडले त्या वेळीही देवाने तेथील राजा फारोला काही मोजले नव्हते, आणि यशया ५२:३ तर पैशावाचून सोडवणूक होईल असे सांगतो. सोडवणाऱ्याला ती किती भारी पडली हे हा शब्द सांगतो. त्याला पावतीवरील नाव विचारू नये.

प्रश्न : ही मुक्ती मिळाली आहे की मिळायची आहे? इफिस १:७ आणि ४:३० यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर : दोन्ही खरे आहे. नव्या करारात हा शब्द १० वेळा येतो. इफिस १:७ व कलस्सै १:१४ येथे ती आपल्याला आज मिळालेली आहे; लूक २१:२८, रोम ८:२३ व इफिस ४:३० येथे ती पुढे आहे, आणि रोमकरांस पत्रात ती शरीराचीही आहे. दुवा इफिस १:१४ मध्ये सापडतो, जेथे पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटले आहे. मूळ शब्द ‘अर्राबोन’ हा सेमिटिक व्यापाऱ्यांकडून ग्रीकमध्ये आलेला, आणि मराठीने त्याला अगदी नेमका शब्द दिला. विसार दिला की व्यवहार पक्का होतो, ताबा मिळायचा राहतो.

प्रश्न : नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या ११:३५ मध्येही हाच शब्द आहे, पण तेथे ख्रिस्ताचा उल्लेख दिसत नाही.

उत्तर : तेथे तो साध्या सुटकेच्या अर्थाने आला आहे, आणि संदर्भ मक्काबी काळातील, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील छळात मेलेल्या यहुदी हुतात्म्यांचा आहे. दुसऱ्या मक्काबी ग्रंथात वृद्ध एलाजाराला, आणि पुढे सात भावांना, यहुदी धर्मशास्त्रात निषिद्ध असलेले डुकराचे मांस खाल्ल्यास जीवदान देऊ केले जाते. ‘हाल सोसले’ यासाठी पत्रात जे ग्रीक क्रियापद आहे, ते एलाजाराला ज्या यंत्रावर नेले त्याच्याच नावावरून बनले आहे. म्हणजे सुटकेला येथेही मोल होते, ते निष्ठेचे होते, आणि त्यांनी ते दिले नाही.